अरबी शिकायची, पण कोणती?

अरबी शिकायला बसणाऱ्याला आधी लिपीची धास्ती वाटते. उजवीकडून डावीकडे लिहायची ती 28 अक्षरे नेटाने गिरवली तर काही आठवड्यांत हाताला वळण लागते. खरी अडचण पुढे येते. वर्तमानपत्रे, बातम्या, पाठ्यपुस्तके यांची प्रमाण अरबी, म्हणजे फुसहा, मोरोक्कोपासून ओमानपर्यंत जवळपास एकच आहे. पण ती घरात कोणी बोलत नाही. घरची आणि बाजारातली बोली प्रांतागणिक बदलते. मोरोक्कोच्या दारिजा या बोलीत अमाझिघ (बर्बर) आणि फ्रेंच शब्द इतके मुरले आहेत की कुवेतच्या माणसालाही ती पटकन उमगत नाही. इजिप्तची बोली मात्र कैरोच्या चित्रपटांमुळे आणि गायिका उम्म कुलसूमच्या गाण्यांमुळे बहुतेक अरबांच्या कानांवरून गेलेली असते. त्याच कैरोचे नजीब महफूझ (साहित्याचे नोबेल, 1988) पात्रांचे संवादही फुसहातच लिहीत. त्यांच्या कादंबरीतला गल्लीतल्या कॉफीखान्याचा मालकसुद्धा प्रमाण भाषेतच भांडतो. माझ्या मते फुसहा आणि एखादी बोली सुरुवातीपासून बरोबरीने शिकावी. नुसत्या फुसहावर वाचन होईल, गप्पा होणार नाहीत. आखातात नोकरीला जाणाऱ्याने तिथलीच बोली धरावी. सिनेमा-संगीताची ओढ असेल त्याने इजिप्तची.