आयएनएस जलाश्व

आयएनएस जलाश्व (एल-४१) ही भारतीय नौदलाची उभयचर वाहतूक युद्धनौका आहे. सैनिक, रणगाडे व वाहने बंदर नसलेल्या किनाऱ्यावर उतरविणे हे तिचे मूळ काम होय. प्रत्यक्षात मात्र ती परदेशात अडकलेल्या नागरिकांना मायदेशी आणण्याच्या मोहिमांसाठी अधिक ओळखली जाते. नौकेची लांबी सुमारे १७४ मीटर असून पूर्ण भारासह विस्थापन सुमारे १७,००० टन आहे. तिचा तळ विशाखापट्टणम येथे आहे. जलाश्व म्हणजे पाणघोडा. मगर, घरियाल, कुंभीर अशी जलचरांची नावे अवतरण नौकांना देण्याच्या नौदलाच्या प्रथेशी हे नाव सुसंगत आहे.

रचना

नौकेच्या पिछाडीस, पोटातच एक गोदी आहे. बॅलास्ट टाक्यांत समुद्राचे पाणी घेतले की पिछाडी खाली जाते, मागचा दरवाजा उघडतो आणि गोदीत पाणी शिरते. आत उभ्या असलेल्या लहान अवतरण होड्या तरंगू लागतात व भार घेऊन थेट किनाऱ्याकडे निघतात. अशा चार यांत्रिक होड्या व सुमारे एक हजार सैनिक नेण्याची तिची क्षमता आहे. मगर वर्गातील नौकांना स्वतः किनाऱ्याला टेकावे लागते. जलाश्व खोल पाण्यात थांबून हेच काम करू शकते. वर हेलिकॉप्टरांसाठी प्रशस्त डेक आहे. दोन बॉयलर व दोन बाष्प टर्बाइन यांच्या बळावर ती ताशी सुमारे २० सागरी मैल वेग गाठते.

अमेरिकी नौदलातील सेवा

ही नौका सिअ‍ॅटल येथे बांधली गेली. १९६८ मध्ये तिचे जलावतरण झाले आणि ६ मार्च १९७१ रोजी ती 'यूएसएस ट्रेंटन' या नावाने अमेरिकी नौदलात दाखल झाली. एप्रिल १९८८ मध्ये इराणविरुद्धच्या 'प्रेइंग मँटिस' कारवाईत तिने भाग घेतला.

जानेवारी १९९१ मधील मोगादिशूची मोहीम तिच्या या कारकिर्दीतील सर्वांत लक्षवेधी ठरावी. सोमालियात यादवी पेटली असता ट्रेंटन आखाती युद्धाच्या तयारीसाठी ओमानजवळ होती. तेथून दक्षिणेकडे निघालेल्या नौकेवरून दोन अवजड हेलिकॉप्टरे साडेचारशेहून अधिक सागरी मैलांच्या अंतरावरच उडाली. रात्रीच्या अंधारात हवेतच इंधन भरून ती पहाटे अमेरिकी दूतावासात उतरली. ट्रेंटन व 'यूएसएस ग्वाम' या दोन नौकांनी मिळून विविध देशांच्या २८१ जणांची सुटका केली. जुलै २००६ मध्ये, निवृत्तीच्या उंबरठ्यावर असताना, ट्रेंटनने लेबनॉनमधून सतराशेहून अधिक लोकांना बाहेर काढले.

भारताकडे हस्तांतरण

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमान-निकोबार व शेजारी देशांत मदत पोहोचविताना मोठ्या वाहतूक नौकेची उणीव भारतीय नौदलास जाणवली. त्यानंतर ट्रेंटन ४.८४ कोटी डॉलरला खरेदी करण्यात आली. सहा सी किंग हेलिकॉप्टरांचा व्यवहार वेगळा होता. १७ जानेवारी २००७ रोजी नौकेचे हस्तांतरण झाले आणि २२ जून २००७ रोजी नॉरफोक येथे ती जलाश्व या नावाने भारतीय नौदलात दाखल झाली.

ही खरेदी वादातीत नव्हती. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २००८ मधील अहवालात, नौकेच्या स्थितीचे पुरेसे मूल्यमापन न करता ती घेतली गेल्याचा ठपका ठेवला. आक्रमक वापरावरील निर्बंध आणि अमेरिकेला तपासणीची मुभा या करारातील अटींवरही त्यांनी बोट ठेवले. पस्तीस वर्षे वापरलेली नौका स्वस्त मिळाली तरी देखभालीचा भार तिच्यासोबतच येतो, हा आक्षेप गैरलागू म्हणता येणार नाही. मात्र एवढ्या क्षमतेची दुसरी नौका त्या वेळी नौदलाकडे नव्हती, हेही तितकेच खरे.

फेब्रुवारी २००८ मध्ये समुद्रावरील सरावादरम्यान नौकेच्या एका कक्षात हायड्रोजन सल्फाइड वायूची गळती होऊन पाच नौसैनिक मृत्युमुखी पडले. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने बंद कक्षात तळाशी साचतो. त्याचे प्रमाण वाढले की घाणेंद्रिय बधिर होते, त्यामुळे दुर्गंधीचा इशाराही मिळत नाही.

भारतीय नौदलातील मोहिमा

फेब्रुवारी २०११ मध्ये लिबियातील यादवीच्या काळात तेथील भारतीयांना बाहेर काढण्यासाठी जलाश्व 'आयएनएस म्हैसूर' या विनाशिकेसह मुंबईहून रवाना झाली.

२०२० च्या कोविड टाळेबंदीत विमानसेवा बंद असताना नौदलाने 'समुद्र सेतू' मोहीम आखली. जलाश्व ८ मे रोजी मालदीवमधील मालेहून ६९८ भारतीयांना घेऊन निघाली व १० मे रोजी कोचीला पोहोचली. प्रवाशांत १९ गर्भवती महिला होत्या. सैनिकांसाठी असलेल्या निवासकक्षांतच अंतर राखून प्रवाशांची सोय करावी लागली. पुढे मालेच्या आणखी फेऱ्या, कोलंबो आणि शेवटी इराणमधील बंदर अब्बास येथूनही तिने नागरिक आणले. इराणहून आलेले ६८७ प्रवासी १ जुलै रोजी तुतिकोरिन येथे उतरले. चार नौकांनी मिळून या मोहिमेत ३,९९२ भारतीयांना परत आणले आणि त्यांतील बहुतेक जण जलाश्ववरून आले.

याच प्रकारच्या चार नव्या नौका देशात बांधून घेण्याची निविदा प्रक्रिया अनेक वर्षे रेंगाळली व २०२० मध्ये ती मागे घेण्यात आली.