पडदा कुठे थांबवायचा?

वर्गात पडदा सुरू करण्यापूर्वी शिक्षकाला एक गोष्ट ठरवून घ्यावी लागते: या पाठातला कोणता भाग फळ्यावर आणि पुस्तकात नीट दाखवता येत नाही? यंत्राची गरज तेवढ्याच भागापुरती असते.

छत्तीसगढमधील भिलाईच्या माध्यमिक वर्गात लोखंडाचे निष्कर्षण शिकवायचे आहे असे समजू. पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली इथेच पेटली. दल्ली-राजहराच्या खाणींतले लोहखनिज मुलांच्या हातात देता येते. भट्टीच्या पोटात काय चालते, हे मात्र कारखान्यात जाऊनही दिसत नाही. चलचित्र लावायचे ते यासाठी.

ते सलग दाखवू नये, तीनदा थांबवावे. वरून खनिज, कोक आणि चुनखडी पडते. पहिला प्रश्न, चुनखडी कशासाठी? खालून तापलेली हवा शिरते, कोक जळतो, कार्बन मोनॉक्साइड वर चढतो. दुसरा प्रश्न, खनिजातला ऑक्सिजन कोण काढून घेईल? तळाशी वितळलेले लोखंड साचते, त्यावर मळी तरंगते. तिसरा प्रश्न, मळी वरच का राहते? प्रत्येक थांब्यावर मुलांनी वहीत अंदाज लिहावा, मगच चित्र पुढे सरकावे. शेवटी पडदा बंद करून प्रत्येकाने भट्टीची आकृती काढावी आणि समीकरणे लिहावीत. कुणाचे कुठे अडले, ते शिक्षकाला त्या आकृतीतच कळते.

दूरचित्रवाणीच्या काळात असे थांबता येत नसे. 1975-76 मध्ये ‘साइट’ या उपग्रह प्रयोगातून सहा राज्यांतील सुमारे 2400 गावांत कार्यक्रम पोहोचले; त्यांत रायपूरचा परिसरही होता. सकाळचा वेळ शाळकरी मुलांचा असे. प्रक्षेपण आपल्या गतीने पुढे जाई, त्यामुळे आधीची ओळख आणि नंतरची चर्चा शिक्षकालाच सांभाळावी लागे.

पुढे कोरोनामुळे शाळा बंद असताना, एप्रिल 2020 मध्ये, छत्तीसगढ सरकारने ‘पढई तुंहर दुआर’ हा ऑनलाइन उपक्रम सुरू केला. जिथे इंटरनेट नव्हते, तिथे ‘बुल्टू के बोल’ मधून ध्वनिपाठ ब्लूटूथने साध्या फोनवर दिले गेले, आणि ‘पढई तुंहर पारा’ मध्ये वस्तीतच वर्ग भरले. साधन साधे होते, पण मुलांच्या घरात असलेले होते.

शाळांनी महागडा डिजिटल फलक घेण्याआधी शिक्षकाला पाठाच्या तयारीसाठी वेळापत्रकात तास राखून द्यावा. कुठे थांबायचे आणि काय विचारायचे, हे त्या तासात ठरते.