‘वाळलेला’ पाय : भार न पेलणाऱ्या स्नायूंची स्थिती

बुलढाणा जिल्ह्यातील वऱ्हाडी बोलीत ‘ळ’च्या स्थानी पुष्कळदा ‘य’ उच्चारला जातो. त्यामुळे ‘पाय वाळला’ हे तेथे ‘पाय वायला’ असे ऐकू येते. उच्चार कोणताही असो, हे क्रियापद दोन भिन्न अवस्थांना सरसकट लावले जाते : पोलिओने कृश झालेल्या पायाला, आणि हाड मोडल्यामुळे कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये राहिलेल्या पायाला. शरीरशास्त्राच्या दृष्टीने या दोहोंत मूलभूत अंतर आहे.

पोलिओमध्ये मज्जारज्जूतील प्रेरक चेतापेशी नष्ट होतात आणि त्या पुन्हा उत्पन्न होत नाहीत. त्यांच्या अधीन असलेले स्नायुतंतू आज्ञेअभावी क्षीण होतात. केवळ भार न पडलेल्या पायात चेता शाबूत असतात. तंतूंची संख्याही बव्हंशी तीच राहते. घटते ती प्रत्येक तंतूची जाडी. स्नायूतील प्रथिने अहोरात्र मोडत व घडत असतात. उभे राहण्याचा ताण थांबला की काही दिवसांतच नवी घडण मंदावते, मोड मात्र चालूच राहते. ‘वाळणे’ या शब्दाने सूचित होणारा ओलाव्याचा ऱ्हास येथे नाहीच.

शिवाय ही झीज सर्वत्र सारखी नसते. उभ्या माणसाच्या शरीराचा भार घोट्याच्या किंचित पुढे पडतो. पुढे झुकू पाहणाऱ्या या शरीराला पोटरी, विशेषतः तिच्या खोल थरातील सोलियस हा स्नायू, मागून ओढून धरतो. शेगावहून पंढरपूरला पायी निघालेला वारकरी वाटेत नुसता उभा राहिला तरी हे काम थांबत नाही. म्हणूनच भार नाहीसा होताच पहिला आघात पोटरीवर होतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी व्यक्तींना १७ आठवडे अंथरुणावर ठेवले असता पोटरीचे स्नायू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. मांडीच्या पुढील स्नायूंची घट त्याहून बरीच कमी होती. अंतराळवीरांतही हाच क्रम दिसतो. १९८४ साली राकेश शर्मा यांनी सॅल्यूत-७ वर योगासनांचे प्रयोग केले, ते भारहीनतेचे असेच परिणाम रोखता येतील काय हे पाहण्यासाठी.

बळ तर आकारमानापेक्षाही वेगाने उतरते, कारण मेंदूकडून स्नायूस मिळणारी चालनाही मंदावते. प्लास्टर काढल्यावर पाय दिसतो त्याहून दुबळा असतो तो यामुळे.

संस्कृत ‘शोष’ हा शब्दही ‘शुष्’ म्हणजे सुकणे या धातूपासूनच आलेला आहे. तेव्हा दोष एकट्या बोलीचा नव्हे. परंतु वाळलेली फांदी पुन्हा हिरवी होत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाचा पाय ‘वाळला’ असे एकदा ठरले की घरचे त्याला उभे करण्याचा प्रयत्नच सोडतात. या अवस्थेस ‘रोडावणे’ हे क्रियापद अधिक यथार्थ ठरेल. रोडावलेला बैल भरतो. अस्थिवैद्याने अनुज्ञा दिल्यावर क्रमाक्रमाने भार टाकू लागताच प्रथिनांची घडण पुन्हा वाढते. मात्र भरून येण्यास सामान्यतः झिजण्याहून अधिक काळ लागतो, आणि उतारवयात ही भरपाई अपुरीही राहू शकते.