वाळवंटातली पागा

बहारीन म्हटलं की भारतातल्या नातेवाइकांना तेल, सोनं आणि फार तर फॉर्म्युला वन आठवतं. पण हा छोटासा देश मुळात घोडेवाल्यांचा आहे. राष्ट्रीय दिनाची १६-१७ डिसेंबरची सुट्टी शुक्रवार-शनिवारला जोडून आली आणि साताऱ्याहून सासूबाईही आलेल्या होत्या. मग दुबईचा बेत बाजूला ठेवून आम्ही साखीर गाठलं. मनामापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता.

हिवाळ्यात इथल्या माळावर तंबूंची वस्तीच उभी राहते. आम्हीही एक तंबू भाड्याने घेतला. शुक्रवारी दुपारी राशिद इक्वेस्ट्रियन अँड हॉर्सरेसिंग क्लबच्या शर्यती पाहिल्या. महालक्ष्मीचं रेसकोर्स माहीत असलेल्यांना नवल वाटेल, पण इथे घोड्यावर पैसे लावत नाहीत. लोक पोराबाळांना घेऊन निव्वळ घोडे बघायला येतात. २०१९ पासून नोव्हेंबरमध्ये बहारीन इंटरनॅशनल ट्रॉफीही होते, तिला युरोपातले घोडे येतात.

खरी मजा शनिवारी तबेल्यात आली. खरं तर मला काळजी होती ती वेगळीच. नऊ वर्षांची लेक इंग्रजीत बोलणार, आजी मराठीत. आठवडा झाला तरी दोघींचं बोलणं ‘जेवलीस का?’च्या पुढे सरकत नव्हतं. इथे मात्र सासूबाई थेट एका करड्या घोडीजवळ गेल्या आणि तिच्या अंगावरचे भोवरे बघू लागल्या. त्यांच्या सासऱ्यांकडे घोडी होती म्हणे. ‘‘गळ्याला देवमण असला की घोडं लाभतं गं!’’ लेकीने विचारलं, ‘‘देवमण म्हणजे?’’ झालं! मग आयाळ, खोगीर, रिकीब, खूर, नाल अशी शिकवणीच सुरू झाली. ‘नाल’ ऐकून लेक म्हणाली, ‘‘हा तर आमच्या अरबीच्या तासाचा शब्द!’’ खरंच, नाल आणि रिकीब हे दोन्ही शब्द मूळचे अरबीच.

त्यात आश्चर्य नाही. एकोणिसाव्या शतकात आखातातून जहाजं भरभरून अरबी घोडे मुंबईला येत, फौजेसाठी आणि शर्यतींसाठी. त्याच्याही आधीपासून हे रक्त दख्खनमध्ये मिसळत होतं. भीमेकाठचं काटक भीमथडी तट्टू त्यातूनच घडलं, असं सांगतात.

मोतद्दार हिंदी बोलणारा होता. घोडीचं घराणं विचारलं, तर त्याने आधी तिच्या आईचं नाव घेतलं. कुहैलान, ओबेयान, दहमान, हमदानी ही इथली नावाजलेली घराणी. घराण्याचं नाव चालतं ते आईकडून. बाप कितीही नामांकित असला तरी! सासूबाईंनी हे ऐकून माझ्याकडे पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत, पण रोख कळला. भाषेचंही तसंच असतं की! त्या रात्री तंबूत मी लेकीशी ठरवून मराठीतच बोलले. ती अडखळली तिथे आजीने शब्द पुरवला.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. शर्यतीची वेळ आधी विचारून घ्या. रात्री वाळवंट चांगलंच गारठतं, स्वेटर विसरू नका. जवळच वाळूत एकटं उभं असलेलं ‘ट्री ऑफ लाइफ’ही बघून घ्या. आणि आजी-आजोबा आलेले असतील तर त्यांना मॉलमध्ये फिरवण्याआधी इथे न्या. त्यांच्याकडे सांगण्यासारखं बरंच निघतं.