बर्फातल्या रेणूचा चेहरा

मेलबर्नच्या क्लेटन उपनगरात, मोनाश विद्यापीठात ‘मॅसिव्ह’ नावाची महासंगणक सुविधा आहे. प्रथिनाचे रेणू पातळ बर्फात गोठवून क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने फोटो काढतात. पण ते इतके धूसर, की रेणू म्हणजे करड्या रव्यातला करडा ठिपका! त्यात कुणी उताणा, कुणी कुशीवर. मॅसिव्हचा संगणक असे लाखो ठिपके वेचतो, प्रत्येकाची दिशा ताडतो, जुळणारे एकावर एक ठेवून सरासरी काढतो. धूसरपणा विरतो, रेणूची घडण उमटते. मला ही चिकाटी विलक्षण वाटते. मेंदूचे एमआरआय आणि शेजारच्या, २१६ मीटर परिघाच्या सिंक्रोट्रॉन या कण-वेगवर्धकातली क्ष-किरण चित्रंही इथेच उलगडतात. हे सगळं जमतं ते एकच काम अनेक प्रोसेसरांत वाटून दिल्यामुळे. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक घडवला, तेव्हाही मूळ युक्ती हीच होती.