राखणीचा कुत्रा, गोठ्यातली शेळी आणि अंगणातलं लेकरू

शेळ्यांच्या लसीकरणावर आपण बोललो, तेव्हा दोन-तीन गटांतल्या बायकांनी विचारलं, "ताई, कुत्र्याचं पण सांगा की कधीतरी." बरोबरच आहे. गटाच्या कर्जातून शेळ्या घेतल्या, की त्यांच्यामागे राखणीला कुत्रा आलाच. शेळीची नोंद आपल्या वहीत असते. कुत्र्याची कुठंच नसते. उरलेली भाकरी खातो, दारात पडतो, आणि आपण म्हणतो, त्याला काय होतंय!

त्याला काय होतंय ते पुढं सांगते. आधी त्याच्यामुळं आपल्याला काय होतं ते बघू.

आमच्या एका गटातल्या ताईंची शेळी एकाच बाजूला गोल गोल फिरायला लागली. मान वाकडी, कळपातून मागं राहायची, चारा समोर असून दिसत नव्हता. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं ऊन लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत पाण्याची गाठ आहे. ही गाठ कुत्र्याच्या पोटातल्या एका पट्टकृमीमुळं होते, म्हणजे चपट्या जंतामुळं. कुत्रा बांधावर, गवतात घाण करतो. त्यातली जंताची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. शेळी ते गवत खाते, अंड्यातून अळी निघते आणि रक्तावाटे मेंदूत जाऊन बसते. मग बोकड कापल्यावर किंवा शेळी मेल्यावर तिचं डोकं आपण कुत्र्यापुढं टाकतो, आणि तो जंत परत कुत्र्याच्या पोटात. असं हे चक्र फिरत राहतं. ती शेळी गेली, कर्जाचे हप्ते मात्र राहिले.

याच जातीचा दुसरा एक जंत त्याहून वाईट. तो अगदी बारीक, जेमतेम अर्धा सेंटिमीटर. बकऱ्याच्या काळजात किंवा फुप्फुसात पाण्याच्या पिशव्या तुम्ही पाहिल्या असतील. खाटीक त्या कापून बाजूला फेकतो आणि कुत्रं उचलतं. त्या पिशव्यांतूनच कुत्र्याच्या पोटात हे जंत होतात. पुढं त्यांची अंडी आपल्या हाताला, न धुतलेल्या भाजीला, पाण्याला लागून आपल्या पोटात गेली, तर तशीच पिशवी माणसाच्या काळजात किंवा फुप्फुसात वाढते. वर्षानुवर्षं काही कळत नाही. कळतं तेव्हा बऱ्याचदा ऑपरेशनच करावं लागतं.

इथं एक गोष्ट सांगावीशी वाटते. आइसलँड नावाचा थंड देश आहे, तिथं मेंढपाळ पुष्कळ. दीडशे वर्षांपूर्वी तिथं हा आजार घरोघरी होता. १८६० च्या दशकात तिथं एक छोटी पुस्तिका काढून घरोघरी फुकट वाटली. मेंढीचं आतडं-काळीज कुत्र्याला कच्चं देऊ नका, ते जाळा नाहीतर पुरा, असं त्यात होतं. आजच्यासारखी औषधं तेव्हा नव्हती. लोकांनी ऐकलं आणि पुढं तिथून हा आजार गेला. म्हणून मी म्हणते, कच्चं काळीज, फुप्फुस, डोकं कुत्र्याला टाकायचं नाही. द्यायचंच असेल तर चांगलं पाऊण तास उकळून द्या. नाहीतर कुत्र्याला उकरता येणार नाही इतकं खोल पुरा.

आता लेकरांचं. कुत्रीच्या पिल्लांच्या पोटात जंत आईच्या गर्भातूनच येतात. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, बाकी अंगाची काडी, असं पिल्लू दिसलं की ते जंतच समजा. अशा पिल्लांशी आपली पोरं मातीत खेळतात आणि त्याच हातानं खातात. त्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या पोराच्या शरीरात फिरतात, कधी डोळ्यातही जातात. या गोलकृमीची अंडी बाधण्याजोगी व्हायला मातीत दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळं अंगणातली घाण रोजच्या रोज उचलून पुरली तर निम्मं काम होतं. पट्टकृमीच्या अंड्यांचं तसं नाही, ती ताजीच बाधतात. म्हणून कुत्र्याला हात लावल्यावर साबणानं हात धुवायचेच.

पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की पहिलं जंताचं औषध. मग दोन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा, आणि पुढं दर तीन महिन्यांनी. व्यालेल्या कुत्रीलाही पिल्लांबरोबर द्या. एक लक्षात ठेवा, साधं जंताचं औषध पट्टकृमीला मारत नाही. मोठ्या कुत्र्याच्या गोळीत प्राझिक्वान्टेल हे औषध आहे ना, एवढं डॉक्टरांना किंवा पशुसखीला विचारा. गोळी वजनावर असते. वजन कसं करायचं? आधी कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकटीनं. वजाबाकी केली की झालं. शेळ्यांना ज्या आठवड्यात जंताचं औषध पाजतो त्याच आठवड्यात कुत्र्याला दिलं, तर तारीख वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही.

आता खाज. कुत्रा खाजवतो म्हणून सगळे म्हणतात लूत लागली. प्रत्येक खाज लूत नसते. शेपटीच्या बुडाशी आणि कमरेवर केस गेलेत, कुत्रा तिथं चावून चावून घेतोय, तर बहुतेक पिसवांची ॲलर्जी असते. एखाद्या कुत्र्याला एक-दोन पिसवा चावल्या तरी आठवडाभर आग होते, त्यामुळं अंगावर पिसू सापडली नाही तरी कारण तेच असू शकतं. सारखे पंजे चाटतो, कान खाजवतो, कानाला वास येतो, तर धूळ, गवत किंवा एखादं खाणं मानवत नसेल. कानाच्या कडा आणि कोपरं खरबरीत होऊन खपल्या धरल्या, तर लूत समजून डॉक्टरांना दाखवा. ती माणसालाही खाज आणते.

यावर गावात जळकं ऑइल चोपडतात. कृपा करून नको. कुत्रा ते चाटतो आणि विष पोटात जातं. फवारणीचं औषध गोचिडांसाठी कुत्र्यावर मारणं तर त्याहून धोक्याचं. लाळ गळते, अंग थरथरतं, कुत्रा तडफडून मरतो, आणि मारणाऱ्या बाईच्या हातालाही ते लागतंच. गोचिडाचं औषध कुत्र्यासाठीचंच आणा, सांगितलं तेवढंच पाणी घाला. ते मांजरावर वापरू नका, मांजराला यातली काही औषधं सोसत नाहीत.

गोचीड काढताना चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. नखानं चिरडायची नाही. पण नुसतं कुत्र्याला साफ करून भागत नाही. मादी गोचीड अंगावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. गोठ्याच्या फटी लिंपून घ्या. कुत्रा बसतो ते पोतं दर आठवड्याला उकळत्या पाण्यात काढून कडक उन्हात टाका, पिसवांची अंडी तिथंच असतात. गोचिडं झालेला कुत्रा खाणं सोडून मलूल पडला, ताप आला, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं, तर तो गोचीडताप असू शकतो. त्याच दिवशी १९६२ या फोनवर पशुवैद्यकीय फिरत्या पथकाला विचारा. माणसाची तापाची गोळी देऊ नका.

दातांचं थोडक्यात. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात, आपल्यापेक्षा १० जास्त, आणि ते कधी कुणी बघत नाही. तोंडाला घाण वास, दाढांवर पिवळं-तपकिरी किटण, हिरड्या लाल, ही सुरुवात. बोटाला ओलं फडकं गुंडाळून लहानपणापासून दात पुसायची सवय लावा. आपली पेस्ट त्याला चालत नाही, तो ती गिळतो. मशेरी तर नकोच, ती आपल्याही दातांना नको, पण तो विषय वेगळ्या दिवशी. शिजवलेली हाडं देऊ नका, त्यांचे काटे होऊन घशात, आतड्यात रुततात. डोळ्याखाली अचानक सूज आली तर लोक गांधीलमाशी चावली म्हणतात. पुष्कळदा ती वरच्या दाढेच्या मुळात झालेला पू असतो.

आणि हे नीट ऐका. कुत्र्याची लाळ गळतेय, गिळता येत नाही, जबडा लोंबतोय, आवाज बदललाय, वागणं बदललंय, तर घशात हाड अडकलं म्हणून तोंडात हात घालू नका. ते पिसाळल्याचंही लक्षण असतं. त्याच्यापासून लांब राहा, पोरांना घरात घ्या आणि डॉक्टरांना कळवा. कुणाला चावला, ओरखडला किंवा जखमेवर लाळ लागली, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा आणि सगळे डोस पूर्ण घ्या. आपल्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस द्या, मग दर वर्षी, आणि तारीख गटाच्या वहीत शेळ्यांच्या पानावरच लिहा.