नव्वदचं दशक, चार मिनिटांत

१९९१ मध्ये आर्थिक उदारीकरण आणि उपग्रह वाहिन्या जवळपास हातात हात घालूनच आल्या. पुढे चॅनल व्ही आणि एमटीव्हीला दिवसभर दाखवायला गाणी हवी होती. सिनेमाबाहेरच्या गायकांना त्यामुळे चेहरा मिळाला.

अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ (१९९५) म्हणजे त्या काळाचं जाहीर स्वयंवर. त्याच्या व्हिडिओत देशोदेशीचे इच्छुक नाकारणाऱ्या राजकन्येला अखेर पसंत पडतो तो खोक्यातून अवतरलेला मिलिंद सोमण. नवरा खोक्यातून यावा, ही कल्पना ग्राहकयुगालाच सुचू शकते! आदल्याच वर्षी सुश्मिता सेन विश्वसुंदरी आणि ऐश्वर्या राय जगत्सुंदरी झाली होती. आपलं रूप जगात कुठे कमी नाही, हे देशाला ऐकायचंच होतं.

दलेर मेहंदींची गाणी देखण्या मॉडेलांमुळे चालतात, अशी टीका होई. ‘तुनक तुनक तुन’मध्ये (१९९८) त्यांनी मॉडेलच काढून टाकल्या आणि संगणकाच्या करामतीने चार-चार दलेर नाचवले.

शुभा मुद्गल यांच्या ‘मन के मंजीरे’त मात्र अभिनेत्री मीता वशिष्ठ ट्रक चालवते. छळाचा संसार सोडून चालक झालेल्या एका बाईची खरी कहाणी त्यामागे होती.

त्यानंतर थोड्याच काळात ‘कांटा लगा’चं रीमिक्स आलं. मूळ गाणं लता मंगेशकरांचं, १९७२ च्या ‘समाधी’तलं; पण घरोघरी रिमोटची ओढाताण झाली ती नव्या चित्रीकरणावरून.